जुनं पित्त

रकाना ७. नामंजुरीच्या निर्णयाबद्दल आपलं म्हणणं थोडक्यात लिहा. जागा अपुरी पडल्यास स्वतंत्र कागद जोडावा.

जागा अपुरी पडली आहे. रकाना चार ओळींचा, आणि त्यातली सव्वा ओळ माझ्या सासूबाईंचं पूर्ण नाव आणि पॉलिसीचा नंबर लिहिण्यातच संपली. म्हणून हा स्वतंत्र कागद. आधी मराठीत लिहून काढायचं, मग दोघांनी बसून ते इथल्या भाषेत करायचं, असं ठरलंय. मराठीत लिहिलं म्हणजे मला काय म्हणायचंय ते निदान मला तरी कळेल.

स्वतंत्र कागद १

मी रुग्णाची सून. वय अडतीस. कपडे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानात काम करते. पँटी आखूड करणे, चेन बदलणे, कोटाचं फाटलेलं अस्तर काढून नवं लावणे. या देशात आम्हाला नऊ वर्षं झाली. रुग्णाचा मुलगा म्हणजे माझा नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. आम्हा दोघांचा आरोग्य विमा त्याच्या कंपनीकडून आहे, पण त्यात आईवडील बसत नाहीत. म्हणून आई सहा महिन्यांसाठी येणार असं ठरल्यावर त्यांच्यापुरता पाहुण्यांचा विमा वेगळा काढला. पैसे एकदम भरले. त्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: पूर्वीपासूनचे आजार वगळून.

(समासात, नवऱ्याचं अक्षर: तुझं वय कोणी विचारलंय? मुद्द्यावर ये.)

मुद्दा. आई आल्याच्या अडतिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसल्या. घामानं थबथबल्या होत्या. ओठ पांढरे. आम्ही टॅक्सी करून इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, काय होतंय. आईंना इथली भाषा येत नाही, मला येते. कपड्यांपुरती चांगली येते. शरीराच्या आतल्या गोष्टींचे शब्द कधी लागले नव्हते.

"आई, डॉक्टर विचारतायत, काय होतंय?"

"काही नाही गं. पित्त आहे."

"कधीपासून?"

"जुनंच आहे. तीस वर्षं झाली त्याला. उगाच आणलंत मला, रविवार गेला तुमचा."

मी फोनवर 'पित्त' टाकलं. फोननं शब्द दिला. तो मी डॉक्टरला वाचून दाखवला आणि पुढे जोडलं: जुनं आहे, तीस वर्षांचं.

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. मग पोटावर थंड जेल लावून यंत्र फिरवलं, आणि पडद्यावर पित्ताशयात खडे दिसले. एक मोठा, बाकी वाटाण्याएवढे. इथल्या भाषेतही पित्त आणि पित्ताशय हे शब्द सख्ख्या बहिणींसारखे दिसतात. डॉक्टर म्हणाला, "तीस वर्षं? हेच?" मी आईंकडे पाहिलं. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. मी म्हटलं, "हो."

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. सहा आठवड्यांच्या आत ऑपरेशन करून घ्या, म्हणाले. तोवर विमानप्रवास नको, खडा कुठंही अडकू शकतो. आठवड्यानं विमा कंपनीचं पत्र आलं. रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यानुसार त्रास तीस वर्षांचा असल्यानं इस्पितळाचं बिल आणि होणारं ऑपरेशन, दोन्ही नामंजूर. रक्कम किती ते तुमच्या कागदावर आहेच. आमच्या भाषेत सांगायचं तर दीड वर्षाचं घरभाडं. आमच्याकडे पाच महिन्यांचं होतं.

तर चूक माझी आहे. मी केलेलं भाषांतर चुकलं. पण ते शब्दाला शब्द बरोबर होतं, आणि हेच मला या कागदावर समजावून सांगायचंय.

(समासात: ध चा मा झाला, एवढंच लिही. मोकळी हो.)

(त्याखाली, माझं: ध चा मा झाला असता तर बरं होतं. मी ध चा धच केला.)

स्वतंत्र कागद २. शब्दाचा खुलासा

पित्त. नाम, नपुंसकलिंगी.

१. उपाशी राहिल्यानं, उन्हात गेल्यानं, जागरणानं, चहा जास्त झाल्यानं किंवा चहा वेळेवर न मिळाल्यानं डोकं चढणं आणि मळमळणं. ओली पट्टी कपाळावर ठेवून अंधाऱ्या खोलीत पडावं लागतं. आंबट उलटी झाली की माणूस उठून कामाला लागतो. "पित्त पडलं एकदाचं" असं म्हणून घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात.

२. अंगावर उठणाऱ्या लाल गांधी. याचा पहिल्या अर्थाशी काय संबंध आहे ते मला कधी कळलं नाही. कोणी विचारतही नाही.

३. राग. "माझं पित्त खवळवू नकोस" असं माझे वडील वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचे.

४. नको असलेल्या लग्नाला, बारशाला किंवा नणंदेच्या घरी न जाण्याचं कारण. हे कारण कोणी उलटून तपासत नाही. उदाहरणार्थ: "तुम्ही सगळे जाऊन या, माझं जरा पित्त वाढलंय."

(समासात: हे आईला दाखवू नकोस.)

५. यकृतात तयार होणारा रस. हा अर्थ शाळेच्या पुस्तकात आहे. घरात कोणी या अर्थानं हा शब्द वापरल्याचं मला आठवत नाही.

माझ्या सासूबाईंना तीस वर्षं जे आहे ते पहिलं, आणि कधीमधी चौथं. मी डॉक्टरला सांगितलं ते पाचवं.

आता 'जुनंच'. हा शब्द आमच्या आई कशालाही लावतात. मागच्या थंडीत मी त्यांना एक स्वेटर विणून पाठवला होता. व्हिडिओ कॉलवर शेजारीण म्हणाली, "अय्या, नवा का?" आई लगेच म्हणाल्या, "छे गं, जुनाच आहे." स्वेटरची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. खांद्यावर दुमडीच्या रेघा दिसत होत्या. नव्या वस्तूचं कौतुक झालं की ती जुनी करायची आणि नवं दुखणं आलं की तेही जुनं करायचं, म्हणजे समोरच्याला अवघडल्यासारखं होत नाही. ही आमच्याकडची रीत आहे, आणि तुमच्या फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नाही.

(समासात: हे वाचून त्यांना वाटेल आम्ही सगळेच खोटं बोलतो.)

खरंय. इथपर्यंत लिहून मी थांबले आहे.

स्वतंत्र कागद ३ (हा जोडायचा नाही)

वरच्या मजल्यावर कलमकाका राहतात. औषधांच्या गोदामात कामाला आहेत, आणि इथं त्यांना सतरा वर्षं झाली. कुठलाही छापील कागद ते शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचतात. घरभाड्याचा करार, बसच्या पासाची मागची बाजू, वॉशिंग मशीनची वॉरंटी, सगळं. खरं आडनाव पत्रपेटीवर आहे, पण आमच्यात त्यांना कोणी त्या नावानं ओळखत नाही.

ते आले, चष्मा लावला, पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

"कलम चौदा," ते म्हणाले.

"मी म्हटलंच," नवरा म्हणाला.

"थांब जरा. चौदा काय म्हणतं ते ऐक. खडे आधीपासून असले तरी यांची हरकत नाही. पोटात काय आहे हे कोणाला दिसतं? त्याची तुम्हाला कल्पना असता कामा नये, एवढंच. कल्पना होती, त्रास होत होता, तर गेलं. नव्हती, तर पैसे द्यावे लागतील. तेव्हा सोपं आहे. सूनबाई, तू लिही की माझी सासू 'पित्त' म्हणालीच नाही. घाबरले होते, चुकीचं ऐकलं. तो शब्दच काढून टाक. शब्द नाही तर कलम नाही."

आई समोरच बसल्या होत्या. शेंगा सोलत होत्या. "पण मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही म्हणाला असाल हो. पण विमा कंपनी म्हणजे सासर. तिथं बोललेलं एकेक लक्षात ठेवतात आणि बरोब्बर वेळेला काढतात."

"मग सासू कोण झाली?"

"सासू म्हणजे पत्रात शेवटी लिहिलीय ती पुनर्विचारवाली डॉक्टर."

"आणि सून मी?" आईंना हसू आलं. "चाळीस वर्षांनी परत! बरं. पण सुनेनं खोटं बोलून कधी निभावलंय का? एका खोट्याला दहा टेकू द्यावे लागतात. मी काही एवढं लक्षात ठेवणार नाही या वयात."

"ठेवू नका. तुम्ही बोलूच नका. तुमच्या वतीनं ही बोलेल."

"ही बोलली म्हणून तर झालं ना हे," नवरा म्हणाला.

हे तो सहज म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. आईंनी एक शेंग उघडली, आत दाणा नव्हता, ती बाजूला ठेवली.

"बोलले मी," त्या मुलाला म्हणाल्या. "ती बोलली नाही. तिनं फक्त पोचवलं. पोस्टमनवर कसला राग काढतोस?"

"राग नाही गं आई."

"मग पित्त असेल," कलमकाका म्हणाले. तेव्हा कुठे सगळे हसले.

त्या रात्री मी दुसरा मजकूर लिहून पाहिला. 'रुग्णानं पित्त हा शब्द वापरला नव्हता.' एवढी एकच ओळ. रकान्यात बसतही होती, वर पावणेदोन ओळी मोकळ्या राहत होत्या. वाचायला अगदी स्वच्छ. मग मी ती खोडली आणि कागद एक व दोन दिवसाउजेडी भाषांतर करून पाठवून दिले, गांधी आणि नणंदेसकट.

आठवड्यानं उत्तर आलं. पुनर्विचार विभागाच्या डॉक्टर मंगळवारी अकरा वाजता रुग्णाशी फोनवर बोलतील. दुभाषी कंपनी देईल. नातेवाईकांनी संभाषणात भाग घेऊ नये. भाग घेतल्यास संभाषण ग्राह्य धरलं जाणार नाही.

स्वतंत्र कागद ४. फोन

हे कागद आता कुठंच जोडायचे नाहीत. पण सुरू केलेली शिवण अर्ध्यात सोडायची मला सवय नाही.

मी दुकानातून अर्धा दिवस सुटी घेतली. नवऱ्यानं साहेबांना सांगितलं की घरची लिफ्ट बंद पडली आहे. आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. फोन टेबलाच्या मधोमध, स्पीकरवर. आईंनी केस विंचरले होते. फोनच होता, तरी.

दुभाषी बाईंचा आवाज तरुण होता. मराठी स्वच्छ, जरा बेतून बोलल्यासारखी.

"नमस्कार. मी पुनर्विचार विभागाची डॉक्टर बोलते आहे."

"अगंबाई!" आई म्हणाल्या. "तुम्ही आपल्यातल्या?"

"नाही, म्हणजे, मी दुभाषी. डॉक्टर जे म्हणतील ते मी जसंच्या तसं सांगणार. मी 'मी' म्हटलं की ते डॉक्टर."

"मग तुम्हाला स्वतःला काही म्हणायचं असलं तर?"

"मी शक्यतो काही म्हणत नाही."

"नव्या सुनेसारखंच की," आई म्हणाल्या.

दुभाषी बाईंनी हेही भाषांतर करून सांगितलं. मला दोन्ही बाजू कळत होत्या, म्हणून मी ओठ आवळून बसले. पलीकडे डॉक्टर जराशी हसल्यासारखी वाटली. मग काम सुरू झालं.

"तुम्हाला तीस वर्षं जो त्रास आहे त्याला तुम्ही काय म्हणता?"

"पित्त."

इथं दुभाषी बाई थांबल्या. मग त्यांनी इथल्या भाषेत डॉक्टरला सांगितलं की दुभाषी म्हणून मला स्वतःतर्फे एक खुलासा करायचा आहे, परवानगी द्यावी. परवानगी मिळाली. त्या म्हणाल्या की या शब्दाचा एकच एक अर्थ लावणं बरोबर होणार नाही. या भाषेत डोकेदुखीपासून अंगावरच्या पुरळापर्यंत बऱ्याच गोष्टींना तो वापरतात, तेव्हा त्रासाचं नाव न विचारता लक्षणं विचारावीत. मी दोन कागद भरून जे लिहिलं ते त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं. मला थोडं बरं वाटलं आणि थोडा हेवाही वाटला.

"ठीक आहे. त्यात काय होतं ते सांगा."

"डोकं चढतं. एकाच बाजूचं. उजेड सहन होत नाही. मग उलटी होते आंबट. झोपलं की उतरतं. महिन्यातून एकदोनदा. थंड दूध घेतलं तर लवकर."

"पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांखाली दुखतं त्यात?"

"नाही. ते वेगळं."

आम्ही दोघांनी एकदम मान वर केली. 'ते वेगळं' हे शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. इस्पितळातून घरी आल्यावर आम्ही दहा वेळा विचारलं होतं, आणि दहाही वेळा उत्तर एकच होतं: जुनंच गं.

"ते वेगळं पहिल्यांदा कधी दुखलं?"

आईंनी टेबलावरचा कपडा दोन्ही हातांनी सपाट केला.

मला कलम चौदा आठवलं. आता त्या काय बोलतील यावर सगळं होतं, आणि त्या काय बोलतील हे मला खरंच माहीत नव्हतं. तिकडे असतानाच दुखत असेल तर? तसं असतं तर त्यांनी तसंच सांगितलं असतं. शेंगा सोलताना त्यांनी तेवढं स्पष्ट केलं होतं.

"इथं आल्यावर," आई म्हणाल्या. "आठव्या दिवशी. शुक्रवार होता. ही दोघं कामावर गेली होती. मी कपड्यांच्या घड्या करत होते. एकदम सुरी खुपसल्यासारखं झालं, पाठीपर्यंत गेलं. कपडे वाळवायचं मशीन नुकतंच बंद झालं होतं, गरम होतं. त्याला पाठ लावून खाली बसले. दोनेक तासांनी कमी झालं. मग राहिलेल्या घड्या केल्या."

"त्याआधी कधीच नाही?"

"असं कधीच नाही. दोन बाळंतपणं झालीत माझी, मला दुखणं कळतं."

"त्यानंतर?"

"पाच वेळा. सातवं रविवारी, यांच्यासमोर."

तीस दिवसांत सात वेळा. यातल्या सहा वेळा आम्ही कुठे होतो ते मी मनातल्या मनात शोधायला लागले. एकदा तर मी बाहेरच्या खोलीत असणार. एका शनिवारी आई बराच वेळ न्हाणीघरात होत्या, आणि आम्ही बाहेरून थट्टा केली होती की गरम पाण्याचं बिल त्यांच्याकडून वसूल करू. नवरा टेबलाच्या कडेवर नखानं काहीतरी खरवडत होता. तिथं काही नव्हतं.

डॉक्टरचा पुढचा प्रश्न आला. दुभाषी बाईंनी तो तसाच सपाट सुरात सांगितला.

"तुमच्याकडे विमा होता. तरी एक महिना तुम्ही कोणालाच का सांगितलं नाही?"

"विमा होता म्हणूनच."

"म्हणजे?"

"सांगितलं असतं तर यांनी डॉक्टरकडे नेलं असतं. मग विमा मोडला असता ना."

दुभाषी बाई पुन्हा थांबल्या. "मोडला असता म्हणजे? मला नीट सांगा, मला ते तिकडे सांगायचंय."

"अहो, ठेव मोडतो तसा. मुदतीच्या आधी हात लावला की गेलं." आई समजुतीच्या सुरात सांगू लागल्या, लहान मुलीला सांगावं तसं. "यानं माझ्यासाठी केवढी रक्कम भरली. माझ्यासमोर नाही बोलला, पण मी ऐकलं, हिला म्हणत होता, एवढा भरलाय, आता काही होऊ नये म्हणजे मिळवली. मग मी ठरवलं, काही होऊ द्यायचं नाही. सहा महिने नीट काढले की मुदत भरेल आणि याचे पैसे याला परत मिळतील. व्याजासकट. आमच्या यजमानांचा मिळाला होता तसा. वीस वर्षं भरला, शेवटी एकरकमी हातात आला, त्यातूनच याचं शिक्षण झालं. पाच महिनेच तर राहिले होते. मी काढले असते."

दुभाषी बाईंना हे पलीकडे न्यायला बराच वेळ लागला. ठेव, मुदत, व्याज, यजमान. एकही शब्द त्यांनी सोडला नाही. मी ऐकत होते. मी फोनवर शब्द शोधून पोचवते तसं ते नव्हतं. तिकडे पोचेपर्यंत ते माझ्या सासूबाईंचंच राहिलं.

नवरा उठला. तोंड उघडलं, मी हातानं गप्प केलं. नातेवाईकांनी भाग घेऊ नये. तो खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

पलीकडून डॉक्टर काहीतरी बोलली. दुभाषी बाई म्हणाल्या, "ते पैसे परत मिळत नाहीत."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. सहा महिन्यांत काही झालं नाही तरी नाही."

"मग भरायचे कशाला?"

"यासाठीच."

"कशासाठी?"

"तुम्हाला दुखलं तर, त्यासाठी."

आई म्हणाल्या, "असं होय. हे कोणीतरी आधी सांगायचं."

फोन संपला. निर्णय कळवू, एवढंच म्हणाले. नवरा खिडकीपासून वळला.

"आई, मला विचारायचंस ना गं."

"काय विचारायचं? विमा म्हणजे काय रे, असं कोणी विचारतं का? तू तरी मला कधी विचारलंस, की आई, विमा म्हणजे तुला काय वाटतं?"

मी पाच अर्थ लिहून दिले होते ते पित्ताचे. विमा हा शब्द इतका सरळ होता की त्याला खुलासा लागेल असं वाटलंच नाही.

"आणि तू 'काही होऊ नये' म्हणालास ते?" आई म्हणाल्या.

"अगं, ते लोक म्हणतात तसं म्हटलं."

"मीही 'जुनंच आहे' म्हटलं ते लोक म्हणतात तसंच. चला, जेवून घ्या. तुझ्या लिफ्टमध्ये माणसं अडकली असतील."

स्वतंत्र कागद ५. हमीपत्र

नऊ दिवसांनी निर्णय आला. दावा मंजूर. सुरुवातीचा ठरावीक हिस्सा आमचा, बाकी त्यांचा. तो हिस्सा पाच महिन्यांच्या भाड्यात बसत होता. सोबत एक पान होतं. आधीचं चुकीचं विधान कोणामुळे झालं त्यावर खूण करून सही करावी. पर्याय तीन होते: रुग्ण. वैद्यकीय कर्मचारी. दुभाष्याचं काम करणारे नातेवाईक.

"मी सही करते," आई म्हणाल्या. "चुकले मी."

"आई, तुम्ही तर बरोबरच बोललात. पित्त तीस वर्षांचंच आहे."

"मग तूही बरोबरच बोललीस."

"मग खूण कुठे करू?"

नवरा बूट घालत होता. "लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली ना," तो म्हणाला, "की चूक वरच्या मजल्याची नसते आणि खालच्याचीही नसते. लोक मात्र दोन्हीकडून दार बडवतात."

"'लिफ्ट' असा चौकोन नाहीये इथे."

"मग दे मी करतो. 'काही होऊ नये' मीच म्हणालो होतो."

"तो तर अजिबातच चौकोन नाही."

मी तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि सही केली. आईंनी चष्मा लावून ती सही पाहिली. "अक्षर चांगलंय तुझं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी नीट बोलेन गं. तुला अडचणीत नाही आणणार."

"पुढची वेळ कशाला, आई?"

"अगं, परवा तपासणीला बोलावलंय ना. ऑपरेशनच्या आधीची."

त्या सहीचा एक परिणाम असा झाला, जो मी सही करताना वाचला नव्हता. कलमकाकांनी वाचला असता.

तपासणीच्या दिवशी आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावर गेलो. परिचारिकेनं फाइल उघडली, माझ्याकडे पाहिलं, आणि नम्रपणे सांगितलं की या रुग्णासाठी नातेवाईकांनी दुभाष्याचं काम करायचं नाही अशी नोंद आहे. आत फोनवर दुभाषी जोडून देतील. तुम्ही बाहेर बसा.

"काय म्हणते?" आईंनी विचारलं.

"मला बाहेर बसायला सांगतेय. आत फोनवर मराठी बोलणाऱ्या बाई असतील. त्यांनाच सगळं सांगायचं."

"त्याच? परवाच्या?"

"माहीत नाही. कदाचित दुसऱ्या."

आईंनी पर्स माझ्याकडे दिली, परत घेतली, त्यातला रुमाल काढून पर्स पुन्हा माझ्याकडे दिली. आत गेल्या. दार पूर्ण लागलं नव्हतं, चार बोटं उघडं होतं.

मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. नऊ वर्षांत हे पहिल्यांदाच. बँकेत, शाळेच्या चौकशीत, भाड्याच्या करारात, कुठंही आपल्या माणसांपैकी कोणी तोंड उघडलं की माझं डोकं आपोआप पुढचं वाक्य जुळवायला लागतं. ते आत्ताही लागलं होतं. आतून प्रश्न आला, वजन किती, गोळ्या कुठल्या, आणि मी मनात उत्तर तयार करून बसले. कोणाला नको होतं ते.

मग फोनमधल्या बाईंनी विचारलं, "आत्ता या क्षणी कुठे दुखतंय का?"

मला ते उत्तर पाठ होतं.

"हो," आई म्हणाल्या. "दुखतंय. सकाळपासून दुखतंय. इथं, आणि इथून मागे. बसलं की जास्त. काल संध्याकाळीही होतं. थांबा हं, सगळंच सांगते."

आणि त्या सांगत राहिल्या, घाई न करता, एकेक दिवस घेत. मधेच दोघी कशाला तरी हसल्याही. कशाला ते मला ऐकू आलं नाही, कारण परिचारिकेनं आतून दार लावून घेतलं.